बिजली कंपनीला कशाकशासाठी आयोगाची मंजुरी लागते, आणि आपण मध्ये कधी बोलायचं

गेल्या पावसाळ्यात आमच्या सुदामानगरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की बिजली कंपनी विकली, नवे मालक मीटर बदलायला माणसं पाठवतायत, दार उघडू नका. अर्ध्या तासात पन्नासेक मेसेज. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू ते आयोगाचं वगैरे बघतोस ना, मग खरं काय ते सांग, मी त्या मुलाला जिन्यातच थांबवून ठेवलंय." आणि खरंच थांबवलं होतं, बिचारा एका हातात खोकं, दुसऱ्यात टेस्टर, गळ्यात कुठल्यातरी ठेकेदाराचं ओळखपत्र, आणि काकूंनी त्याला पाणीसुद्धा दिलेलं.

कंपनी विकली वगैरे काही नव्हती. मीटर बसवायचा ठेका दुसऱ्याला गेला होता एवढंच. पण त्या दिवशी लक्षात आलं की आपल्याकडे लोकांना दर वाढला, मालक बदलला, मीटर बदललं, सबसिडी गेली हे सगळं एकच वाटतं, आणि राग सगळ्यावर सारखाच काढला जातो, तोही बहुतेक वेळा मुदत संपल्यावर. म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं इंदूरची आहेत, पण कायदा २००३ चा विद्युत अधिनियम आहे, तो देशभर तोच, फक्त तुमच्या राज्याचा वीज नियामक आयोग, म्हणजे दर ठरवणारी आणि वीज कंपन्यांवर लक्ष ठेवणारी संस्था, वेगळा.

पहिलं काम, समोर कोण आहे ते ओळखा

इंदूरमध्ये वीज देते पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, पोलोग्राउंडवाली. ही सरकारीच आहे. जुन्या विद्युत मंडळाचे २००५ साली तुकडे झाले तेव्हा तीन वितरण कंपन्या राहिल्या, पश्चिम आपली, मध्य भोपाळची (ग्वाल्हेरवाले त्यांच्याकडे) आणि पूर्व जबलपूरची. या तिघींवर भोपाळचा मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग, १९९८ पासूनचा, बिट्टन मार्केटजवळ मेट्रो प्लाझात बसतो.

पिथमपूरच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) कारखाना असेल तर तुमचा हिशोबच वेगळा, तिथे वीज वाटतं औद्योगिक विकास महामंडळ, आणि आयोग त्यांचा टॅरिफ आदेशही, म्हणजे दर ठरवणारा आदेश, वेगळा काढतो. आमच्या ओळखीचे एक जण तिथल्या युनिटचं बिल घेऊन पोलोग्राउंडला भांडायला गेले होते, तासभर बसून परत आले.

पाइप गॅस असेल तर इंदुरात अवंतिका गॅस, आणि वर दिल्लीचं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक बोर्ड. तिथे शहराचं अधिकारपत्र दुसऱ्या कंपनीला द्यायचं झालं तर आधी बोर्डाकडे जावं लागतं, पण गॅसचा किरकोळ दर वीजदरासारखा जाहीर सुनावणी घेऊन ठरत नाही. त्यामुळे गॅस महागला तर सुनावणी कधी याची वाट बघत बसू नका.

आणि पाणी? नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर लांबून, उपसून वर आणतात, आणि त्याचा मोठा खर्च विजेचाच. म्हणून तर महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बाँड काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला सोलर प्लांट टाकायला. पण नळाच्या दरावर वीज आयोगासारखा कोणी स्वतंत्र पंच नाही, तो विषय महापालिकेच्या परिषदेत आणि बजेटात. तिथे तुमचा माणूस म्हणजे नगरसेवक, भोपाळला अर्ज पाठवून उपयोग नाही.

इथून पुढे फक्त वीज, कारण बोलायची खरी जागा तिथेच आहे.

दुसरं, बदल कुठल्या जातीचा ते ठरवा

मी मनातल्या मनात तीन पिशव्या करतो. काही गोष्टींना आधी मंजुरी लागते, काहींना नुसतं कळवलं तरी चालतं, आणि काही आयोगाच्या हातातच नसतात. कुठली गोष्ट कुठल्या पिशवीत हे कळलं की निम्मं डोकं शांत होतं.

दर. हा पहिल्या पिशवीतला. प्रति युनिट भाव, फिक्स चार्ज, स्लॅब, घरगुती-कमर्शियल अशी कॅटेगरी, यातलं काहीही कंपनी स्वतःच्या मर्जीने बदलू शकत नाही. कलम ६२ आणि ६४. कंपनी याचिका टाकते, ती छापून जाहीर करते, लोकांच्या सूचना आणि हरकती येतात, आणि याचिका आल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो. एका आर्थिक वर्षात सहसा एकदाच दर बदलतो. आणि ६२ मध्येच एक पोटकलम आहे, सहावं, जे कोणी वाचत नाही: ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले तर जास्तीची रक्कम बँक रेटच्या व्याजासकट परत मागता येते. बिलात एखादी ओळ नवीन दिसली तर सगळ्यात आधी बघायचं की ती टॅरिफ आदेशात आहे का, नसेल तर हे पोटकलम हातात घ्या.

मग दर महिन्याला बिल वरखाली का होतं, त्याला कुठे सुनावणी होते? हा प्रश्न दर वेळी येतो. ते इंधन आणि वीजखरेदीचं समायोजन, बिलावर एफपीपीएएस असं लिहिलेलं असतं. कायद्यातच इंधन अधिभाराला एकदा-वर्षातून-बदल या नियमातून सूट आहे, आणि डिसेंबर २०२२ च्या केंद्राच्या नियमांनंतर २०२३ पासून हे दर महिन्याला लागायला लागलं. म्हणजे मंजुरी आकड्याला दर वेळी नसते, सूत्राला आधीच दिलेली असते, आणि वर्षाच्या शेवटी आयोग हिशोब तपासतो. मला स्वतःला हे फारसं आवडत नाही, कारण बोलायची संधी सूत्र ठरवताना होती आणि तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

सबसिडी. ती तिसऱ्या पिशवीतली. आपल्याकडे अटल गृह ज्योती योजनेत १५० युनिटपर्यंत वापर असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, ही सवलत राज्य सरकारची आहे, आयोगाची नाही. कलम ६५ म्हणतं की सरकारने सवलतीचे पैसे कंपनीला आगाऊ द्यायचे, नाही दिले तर आयोगाने ठरवलेलाच दर लागू. त्यामुळे वापर १५१ झाला आणि बिल एकदम उडी मारून वर गेलं तर आयोगाला शिव्या घालू नका, ती रेघ भोपाळातच आखलीय पण दुसऱ्या इमारतीत.

वीजखरेदी. कंपनी कुठून किती वर्षांसाठी कुठल्या भावाने वीज घेणार, तो करारही आयोगाच्या देखरेखीखाली, कलम ८६. सामान्य माणूस इकडे बघतच नाही आणि बिलातला सगळ्यात मोठा तुकडा हाच असतो. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हे वाचा.

दुसरा धंदा. कंपनीने आपल्या खांबांवरून कोणाची फायबर केबल जाऊ दिली आणि भाडं घेतलं, तर कलम ५१ खाली आधी कळवणं पुरेसं, मंजुरी नाही. पण त्या कमाईचा ठरलेला वाटा वीज वाहून न्यायचे चार्जेस कमी करायला वापरायचा असतो आणि हिशोब वेगळा ठेवायचा असतो. सुनावणीत विचारायला हा फार छान प्रश्न आहे, की खांबांच्या भाड्याचं काय झालं.

लाइट जाणं, शटडाउन, ट्रान्सफॉर्मर बदलणं, यासाठी आयोगाची मंजुरी नसते. तसंच तुमच्या घराचं कनेक्शन वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करणं, लोड वाढवणं, यालाही नाही. ते सप्लाय कोडप्रमाणे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांप्रमाणे, झोनवरच, म्हणजे कंपनीच्या आपल्या भागातल्या ऑफिसातच होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मालकी बदल म्हटलं की निम्मे लोक नामांतरणाचे कागद घेऊन येतात.

मालकी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं

इथे जरा थांबून वाचा, कारण फॉरवर्ड सगळे इथलेच असतात.

कलम १७ सरळ सांगतं, परवाना असलेली कंपनी दुसऱ्या परवानाधारकाची यंत्रणा विकत घेणार असेल, ताब्यात घेणार असेल किंवा तिच्यात विलीन होणार असेल तर आयोगाची आधी मंजुरी. आपला परवाना दुसऱ्याच्या नावे करायचा, किंवा यंत्रणा पूर्ण नाहीतर तिचा तुकडा विकायचा, भाड्याने द्यायचा, अदलाबदल करायची, तरीही आधी मंजुरी. त्याशिवाय केलेला करार रद्दबातल. नंतर दंड भरून चालवून घेऊ अशी सोयच नाही, करारच नाही. खरेदी किंवा विलीनीकरण असेल तर त्या भागातल्या बाकी परवानाधारकांना किमान एक महिन्याची नोटीसही द्यायची असते.

प्रत्यक्षात कसं होतं त्याचं उदाहरण मुंबईचं. रिलायन्स इन्फ्राचा उपनगरातला वीज धंदा अदानीकडे गेला तेव्हा महाराष्ट्राच्या आयोगाने जून २०१८ मध्ये मंजुरी दिली आणि ताबा ऑगस्टमध्ये बदलला. सौद्याची बातमी त्याच्या कितीतरी आधी पेपरात आली होती. म्हणून बातमी वाचून मालक बदलला असं समजू नका, आयोगाचा आदेश आला का ते बघा.

पण मालक बदलल्यासारखं दिसणारं सगळंच १७ मध्ये येत नाही.

फ्रँचायझी घ्या. भिवंडीत २००७ पासून टॉरेंट वीज वाटते, पण परवाना महावितरणचाच. फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही, आणि जबाबदारी मूळ कंपनीची राहते. बिल द्यायला येणारा माणूस वेगळा, दर तोच. वाड्याचा मालक तोच, फक्त भाडं गोळा करायला मुनीम ठेवलाय असं समजा. ठेकेदार तर त्याच्याही खालची पायरी. मीटर बसवणारा, रीडिंग घेणारा, कॉल सेंटरवाला, हे सगळे ठेकेदार. काकूंच्या जिन्यातला मुलगा त्यातलाच.

मग सरकारने स्वतःच आपल्या मंडळाची फाळणी केली किंवा खातं कंपनीच्या हवाली केलं तर? ते कलम १३१, त्याला हस्तांतर योजना म्हणतात, ती सरकार अधिसूचनेने करतं. मध्य प्रदेशात २००५ मध्ये तेच झालं. चंडीगडला वीज खातं १ फेब्रुवारी २०२५ ला खाजगी कंपनीकडे गेलं आणि त्याआधी कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या होत्या. म्हणजे या रस्त्यावर भांडण्याची जागा सुनावणीपेक्षा कोर्ट आणि विधानसभा जास्त.

त्याच भागात दुसरी कंपनी समांतर परवाना मागायला आली तर कलम १४ आणि १५. स्वतःच्या तारा टाकून वीज देणार असेल तर आयोग दुसरा परवाना देऊ शकतो. अर्ज केल्यापासून सात दिवसांत तिने जाहीर सूचना द्यायची, आणि सूचना छापल्यापासून ३० दिवसांत आलेल्या हरकतीच विचारात घेतल्या जातात. एकतिसाव्या दिवशी तुम्ही कितीही खरं बोललात तरी कागद बाजूला. परवाना मिळाला की २५ वर्षांचा.

आणि कंपनीला धंदाच सोडायचा असेल तर? कुलूप लावून जाता येत नाही. कलम १९ प्रमाणे कंपनीच्या अर्जावरही परवाना रद्द करतो तो आयोगच, आणि कंपनीच्या चुकीमुळे रद्द करणार असेल तर त्याआधी किमान तीन महिन्यांची लेखी नोटीस, मग विक्रीची प्रक्रिया कलम २० ने. ओडिशात २०१५ मध्ये आयोगाने तीन कंपन्यांचे परवाने काढून घेतले होते. मधल्या काळात लाइट बंद राहात नाही, व्यवस्था लावायची जबाबदारी आयोगाची असते.

तिसरं, जाहीर सूचना शोधा

हे काम कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ इथेच. दराची याचिका आपल्याकडे साधारण हिवाळ्यात लागते, कारण नवीन दर १ एप्रिलपासून हवे असतात. सूचना हिंदी आणि इंग्रजी पेपरात येते, बारीक टायपात, निविदांच्या गर्दीत. मी डिसेंबर ते फेब्रुवारी वाचनालयात पेपर चाळतो, आणि आयोगाच्या वेबसाइटवर दर सोमवारी एक चक्कर. याचिका एकट्या पश्चिम क्षेत्राची नसते, जबलपूरची पॉवर मॅनेजमेंट कंपनी आणि तिन्ही वितरण कंपन्या मिळून एकच टाकतात, म्हणून इंदूर शब्द शोधत बसलात तर सापडणार नाही.

आपल्या मराठी लोकांची एक गंमत सांगतो. सूचनेत लिहिलेलं असतं 'आपत्ति एवं सुझाव', आणि आमचे एक आजोबा घाबरले की कुठली आपत्ती आली. उलट मी सुनावणीत सवयीने म्हणालो की मेरी हरकत है, तर शेजारचा वकील हसला, कारण हिंदीत हरकत म्हणजे खोडी. अर्ज हिंदीत करा आणि आपत्तिच लिहा.

सूचनेतून चार गोष्टी कापून घ्या: याचिका क्रमांक, शेवटची तारीख, पत्ता आणि सुनावणीचा दिवस. मी कात्री लावून वहीत चिकटवतो. मुलं हसतात.

चौथं, याचिका वाचा, पण सगळी नको

शेकडो पानं असतात. पहिल्यांदा मी पान एकपासून सुरू केलं आणि तिसाव्या पानावर झोपलो. आता सरळ तीन तक्ते उघडतो. एक, वर्षभराच्या महसुलाची गरज, ज्याला ते एआरआर म्हणतात, म्हणजे घरखर्चाचा अंदाज, किती लागणार आणि सध्याच्या दराने किती येणार. दोन, लाइन लॉस, म्हणजे वाटेत होणारी विजेची गळती, आयोगाने ठरवलेला किती आणि कंपनीने दाखवलेला किती. ठरवलेल्यापेक्षा जास्त गळती झाली तर तिचा बोजा ग्राहकावर का, हा प्रश्न इथून निघतो. तीन, ट्रू-अप, म्हणजे मागच्या कुठल्यातरी वर्षाचा राहिलेला हिशोब. दरवाढीचं कारण बरेचदा या जुन्या उधारीत सापडतं. मग आपली कॅटेगरी, घरगुती म्हणजे एलव्ही-१, दुकान असेल तर एलव्ही-२, तिथे सध्याचा दर आणि मागितलेला दर शेजारी शेजारी लिहून काढा.

पाचवं, अर्ज लिहा

माझा पहिला अर्ज दोन पानांचा होता आणि त्यात आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, रात्री फोन न उचलणारा कर्मचारी आणि दोन महिन्यांचं अंदाजे बिल असं सगळं कोंबलं होतं. एकही ओळ कामाची नव्हती. ते विषय ग्राहक तक्रार निवारण फोरमचे, तिथून पटलं नाही तर भोपाळला विद्युत लोकपाल. दराच्या सुनावणीत दराचंच बोला.

आता मी एका पानात लिहितो. वर सचिव, नियामक आयोग, भोपाळ. मग याचिका क्रमांक, आपलं नाव, पत्ता, बिलावरचा आयव्हीआरएस नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक. मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्यात याचिकेचं पान, त्यातला आकडा, माझं म्हणणं आणि मला काय हवंय ते. कंपनी लुटते असं लिहून कोणी ऐकत नाही, पण अमुक पानावर गळती इतकी दाखवली, आयोगाच्या नियमात इतकी आहे, फरकाचा खर्च नामंजूर करावा, असं लिहिलं की कंपनीला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते आदेशात छापलं जातं. शेवटी एक ओळ, मला सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे. ही ओळ विसरू नका. एक प्रत कंपनीला, आणि पोच ठेवा.

बिल्डिंगतर्फे करायचं असेल तर एकच सह्यांचा कागद करण्यापेक्षा दुकानवाल्याने दुकानाच्या दराचं, घरवाल्याने घराच्या दराचं, असे दोन-तीन वेगळे अर्ज चांगले. एकच मजकूर चाळीस लोकांनी पाठवला तर आदेशात तो एकच मुद्दा धरतात.

सहावं, सुनावणी

पूर्वी इंदूर, भोपाळ, जबलपूर अशा सुनावण्या प्रत्यक्ष व्हायच्या, अलीकडच्या वर्षांत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरही होतात. वेळ प्रत्येकाला थोडा. उद्योगवाल्यांचे सल्लागार लॅपटॉप उघडून बसलेले असतात, घरगुती ग्राहक एखाददुसराच. लाजू नका, तीन मिनिटांचंच लिहून न्या, सगळ्यात जड मुद्दा पहिला. व्हिडिओवर असाल तर आधीच माइक तपासा, माझी पहिली अडीच मिनिटं म्यूटवर गेली होती आणि मी मात्र हातवारे करून जोरात बोलत होतो.

सातवं, आदेश आल्यावर

आदेशात एक भाग हरकतींचा असतो, कोणी काय म्हटलं, कंपनीने काय उत्तर दिलं, आयोगाचं मत काय. तुमचा मुद्दा तिथे आहे का ते आधी बघा. पटलं नाही तर दिल्लीच्या विद्युत अपिली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अपील, कलम १११, आणि तिथूनही पुढे सुप्रीम कोर्ट ६० दिवसांत, कायद्याच्या मुद्द्यावर. खरं सांगायचं तर एकट्या घरगुती ग्राहकाला हे परवडत नाही, वकील लागतो, एखाद्या संघटनेबरोबर जावं.

त्यापेक्षा एप्रिल-मेच्या बिलाला नवा टॅरिफ तक्ता लावून बघणं जास्त कामाचं. आमच्या बिल्डिंगमध्ये आता ते काम काकूंकडे आहे, चष्मा, कॅल्क्युलेटर आणि लाल पेन घेऊन त्या जिन्याखालच्या बाकावर बसतात आणि सोळाही फ्लॅटची बिलं तपासतात. मागच्या वर्षी एका फ्लॅटचं घरगुती कनेक्शन चुकून कमर्शियलमध्ये लागलेलं त्यांनीच पकडलं. झोनवर अर्ज दिला, दोन चकरा झाल्या, पुढच्या बिलात फरक वळता झाला.